पोळी नाही, दूध नाही. मग अंगाला लागणार काय?

हा लेख वाचायला बसण्यापूर्वी स्वयंपाकघरात जाऊन मूठभर कणीक मागून आणा. तिच्यात पाणी घालून ती घट्ट मळा आणि अर्धा तास झाकून ठेवा. मग तो गोळा पातळ फडक्यात बांधून पाण्याच्या पातेल्यात हळूहळू चोळत राहा. पाणी दुधासारखे पांढरे होईल. ते बदला, पुन्हा चोळा. पाणी नितळ राहू लागले की फडके सोडा. आत पिवळसर करड्या रंगाचा, चिवट, रबरासारखा ताणला जाणारा गोळा उरलेला दिसेल. पांढऱ्या पाण्यात शाळेच्या प्रयोगशाळेतील आयोडीनचे दोन थेंब टाकले की ते निळेकाळे होते. म्हणजे पाण्यात गेला तो स्टार्च. हातात उरले ते ग्लूटेन, गव्हातले मुख्य प्रथिन. इटलीतील बोलोन्या येथे बेक्कारी नावाच्या शास्त्रज्ञाने १७२८ साली हाच प्रयोग विद्वानांपुढे मांडला होता.

आता हीच कृती बाजरीच्या पिठावर करून पाहा. फडक्यात थोडा कोंडा आणि भरड उरेल, पण चिवट गोळा काही हाती लागणार नाही. बाजरीत प्रथिने नसतात असे नाही. १०० ग्रॅम बाजरीत ती सुमारे ११ ग्रॅम असतात, म्हणजे जवळजवळ गव्हाइतकीच. पण ती निराळ्या जातीची असतात. पाणी लागल्यावर एकमेकांत गुंतून त्यांचे जाळे होत नाही. म्हणून तर पोळी लाटता येते आणि भाकरी थापावी लागते. भाकरीच्या पिठात तुमची आजी कढत पाणी का घालते, हे तिला विचारा. ती म्हणेल, "नाहीतर भाकरी फाटते." खरे आहे. कढत पाण्याने थोडा स्टार्च शिजून चिकट होतो आणि ग्लूटेनने करायचे काम तो कसेबसे पार पाडतो.

हा प्रयोग आधी करायला लावला तो एवढ्याचसाठी, की हातातला हा चिवट गोळा काही माणसांचे आतडे अक्षरशः सपाट करून टाकतो.

पुण्याहून सोलापूर रस्त्याने निघालात की यवत ओलांडल्यावर भांडगाव लागते. हा दौंड तालुका. भीमेच्या पलीकडे शिरूर. दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतले. कालव्याचे पाणी पोचले तेथे ऊस उभा राहिला. पण त्याआधी या मुलखाचे अन्न म्हणजे पावसाळ्यात पेरलेली बाजरी आणि थंडीत वाढणारी शाळू ज्वारी. गव्हाची पोळी सणावारी, पुरण घालून. रोज सकाळी डब्यात पोळी, मधल्या सुट्टीत बिस्किटे आणि संध्याकाळी वडापाव हा क्रम अलीकडच्या दोन-तीन पिढ्यांतला.

समजा, भांडगावातल्या एखाद्या शाळेत नववीत शिकणारा मुलगा आहे. तालमीत जातो, जत्रेच्या आखाड्यात उतरायची हौस आहे. पण वर्षभरात त्याचे वजन वाढायच्या ऐवजी चार किलोंनी उतरले. पोट फुगलेले, शौचाला पातळ, चेहरा फिकट. जंतांचे औषध झाले, रक्तवाढीच्या गोळ्या झाल्या, उपयोग नाही. घरातल्यांनी दूध वाढवले, तर पोट अधिकच बिघडले. शेवटी रक्ताची तपासणी होते, दुर्बिणीतून लहान आतड्याचा बारीकसा तुकडा काढून पाहतात आणि डॉक्टर सांगतात: हा सीलिॲक रोग आहे. गहू कायमचा बंद; दूधही सध्या बंद. आई हादरते. पोळी नाही, दूध नाही, मग पोराच्या अंगाला लागणार काय?

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधण्यापूर्वी आतड्यात काय घडले ते पाहू.

लहान आतड्याची आतली बाजू गुळगुळीत नसते. टॉवेलवर जसे दोऱ्यांचे फासे उभे असतात, तसे तिच्यावर जेमतेम एक मिलिमीटर उंचीचे असंख्य रसांकुर उभे असतात. पचलेले अन्न रक्तात शिरते ते यांच्यातून. ग्लूटेनमध्ये प्रोलीन आणि ग्लूटामीन ही अमिनो आम्ले फार असल्यामुळे आपली पाचक विकरे त्याचे पुरते तुकडे करू शकत नाहीत. लांबच लांब तुकडे शिल्लक राहतात. बहुतेकांच्या बाबतीत त्याने काही बिघडत नाही. पण ज्यांच्या शरीरात विशिष्ट आनुवंशिक गुण असतात, त्यांच्यापैकी काहींची संरक्षक यंत्रणा या तुकड्यांना शत्रू समजते, आणि त्या लढाईत स्वतःच्याच आतड्यावर मारा करते. रसांकुर झिजत झिजत सपाट होतात. टॉवेलचा मांजरपाट झाला, म्हणा ना! मग ताटात कितीही वाढले तरी रक्तात पोचते थोडेच. वजन उतरते, स्नायू झडतात, लोह न मिळाल्याने रक्त फिके पडते.

याला गहूच कारणीभूत आहे हे कळायला विसावे शतक निम्मे सरावे लागले. हॉलंडमधील हेग शहरात विलेम डिके नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. १९३० नंतरच्या दशकातच त्यांना गव्हाचा संशय आला होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात, युद्धामुळे हॉलंडमध्ये भीषण उपासमार चालू असताना, पाव मिळेनासा झाला. सारा देश खंगत असताना या रोगाच्या मुलांची प्रकृती मात्र सुधारली आणि पुन्हा पाव मिळू लागल्यावर ती बिघडली, अशी हकिकत सांगतात. पण डिके हकिकतीवर थांबले नाहीत. मुलांना गहू द्यायचा, काढून घ्यायचा आणि प्रत्येक वेळी मलातून किती स्निग्धांश वाया जातो तो मोजायचा, असे काम त्यांनी सहकाऱ्यांबरोबर केले. त्यांचा प्रबंध १९५० साली प्रसिद्ध झाला.

आपल्याकडे हा रोग गहू रोज खाणाऱ्या उत्तर भारतात जास्त आढळतो. तेथील पाहण्यांत शंभरांत सुमारे एकाला तो असल्याचे दिसले. तांदूळ खाणाऱ्या दक्षिणेत तो बराच कमी आहे. तेव्हा पोट दुखले की गहू सोडावा, असा अर्थ कोणी काढू नये. ज्याला गव्हाची बाधा नाही त्याला गहू सोडून काही मिळत नाही. उलट तपासणीपूर्वीच गहू सोडला तर रक्तातले प्रतिपिंड कमी होतात आणि रोग असूनही तपासणीत सापडत नाही. आधी तपासणी, मग पथ्य.

आता दुधाचे काय? दुधातली साखर, लॅक्टोज, पचवणारे लॅक्टेज हे विकर रसांकुरांच्या अगदी शेंड्यावर असते. रसांकुर झिजले की पहिला बळी त्याचा. न पचलेले लॅक्टोज मोठ्या आतड्यात जाते, तेथले जिवाणू ते आंबवतात आणि पोटात वायू धरतो, जुलाब होतात. म्हणजे त्या मुलाला दूध बाधत होते ते आतडे झिजले म्हणून. गहू बंद झाल्यावर रसांकुर पुन्हा उभे राहू लागतात. मुलांमध्ये याला काही महिने ते वर्षभर, कधी त्याहून अधिक काळ लागतो. नंतर पुष्कळांना दूध पुन्हा सोसते. ज्यांना दुधातल्या प्रथिनांचीच ॲलर्जी असते त्यांची गोष्ट वेगळी. त्यांना ताक-दहीही चालत नाही.

तालमीत दुधाला मोठा मान आहे, आणि तो वावगा नाही. लिटरभर म्हशीच्या दुधात सुमारे ४० ग्रॅम प्रथिने, हजाराहून अधिक उष्मांक आणि हजार मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅल्शियम असते. हे आकडे मांडून पाहिले की दूध बंद केल्यावर वजन का घसरते ते कळते. ताटात एक नव्हे, तीन खड्डे पडतात. लोक प्रथिनांचा खड्डा बुजवायला धावतात, डबाबंद भुकटीची चौकशी करतात. पण सर्वांत खोल खड्डा असतो उष्मांकांचा. शरीराला पुरेसे उष्मांक मिळाले नाहीत तर ते खाल्लेली प्रथिने, आणि पुढे स्वतःच्या स्नायूंतली प्रथिनेही, इंधन म्हणून जाळते. चुलीत सरपण नसले म्हणून घराचे वासे काढून जाळावेत, तसेच हे.

आपण आता वही-पेन्सिल घेऊन या मुलाचे ताट मांडू. त्याचे वजन ४५ किलो धरू. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या शिफारशींनुसार निरोगी माणसाला किलोमागे रोज सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात. म्हणजे ३७ ग्रॅम. हा मुलगा आजारातून उठतो आहे आणि व्यायामही करणार आहे. त्याला ६० ते ७० ग्रॅम धरू. उष्मांक मात्र त्याच्या वयाला रोज २८०० च्या आसपास हवेत.

दिवसभरात बाजरीच्या तीन भाकरी, म्हणजे २५० ग्रॅम पीठ: प्रथिने २७ ग्रॅम, उष्मांक साधारण ८७०. मटकी, हुलगे किंवा डाळ मिळून ८० ग्रॅम: प्रथिने १७, उष्मांक २६०. शेंगदाणे ५० ग्रॅम, चटणीत आणि कुटात: प्रथिने १२, उष्मांक २७०. भाताचे ८० ग्रॅम तांदूळ: ६ आणि २८०. दोन अंडी: १२ आणि १५०. तेल, गूळ, दोन केळी व भाजी यांचे मिळून सुमारे ५७५ उष्मांक. बेरीज करा. प्रथिने ७४ ग्रॅम झाली, उष्मांक २४०० च्या आसपास.

पाहिलेत? दूध नसतानाही प्रथिने आली, आणि उष्मांकच ४०० नी कमी पडले! येथे शेंगदाण्याचा लाडू कामाला येतो. ३० ग्रॅम दाणे आणि २० ग्रॅम गूळ यांच्या एका लाडवात सुमारे २३० उष्मांक असतात. सकाळी एक, तालमीनंतर एक, खड्डा बुजला. घरात अंडी चालत नसतील तर डाळ-उसळीची वाटी वाढवा. वनस्पतिज प्रथिने अंडी-दुधाइतकी पुरेपूर पचत नाहीत, म्हणून येथे हात थोडा सैल ठेवलेलाच बरा.

केवळ भाकरीवर मात्र भागणार नाही. स्नायू बांधायला लागणाऱ्या अमिनो आम्लांपैकी लायसीन बाजरी-ज्वारीत कमी असते. ते कडधान्यांत भरपूर असते. कडधान्यांत मेथिओनीन कमी, ते तिळात चांगले. आता भोगीच्या दिवशीचे जेवण आठवा: तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि पावटा, हरभऱ्याचे सोलाणे, शेंगदाणे घातलेली मिसळीची भाजी. धान्य, कडधान्य आणि तीळ एका ताटात. वरचा लोण्याचा गोळा तेवढा या मुलाने सोडायचा. हे जेवण कोणी अमिनो आम्ले मोजून ठरवले नाही. थंडीत शेतात जे तयार असते ते ताटात आले. पण ते वर्षातून एकदाच का खायचे, हे मला अजून कळलेले नाही.

कॅल्शियमचा खड्डा बुजवणे मात्र खरोखर कठीण आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. तुमच्या वयाला रोज सुमारे १००० मिलिग्रॅम हवे. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम असते. तिळात भरपूर, हुलग्यात बऱ्यापैकी, शेवग्याच्या पाल्यातही चांगले. मासे चालणाऱ्या घरात आठवडी बाजारातली सुकट उत्तम, कारण ती काट्यांसकट खाल्ली जाते. तथापि तीळ आणि भाज्यांतले सारे कॅल्शियम शोषले जात नाही. म्हणून आठवड्यातून दोन-तीन भाकरी मावळातल्या नाचणीच्या कराव्यात आणि डॉक्टरांनी गोळी दिली तर ती कमीपणा न मानता घ्यावी. लोहासाठी जेवणात लिंबू पिळावे. चहा जेवणाला लागून घेऊ नये.

तुम्हाला वाटेल, भाकरीच्या मुलखात पथ्य सोपे आहे. पण सर्वांत मोठा धोका ताटात नसून गावातल्या पिठाच्या गिरणीत आहे.

गिरणीवर डबा ठेवताना "कशावर दळताय?" असे विचारायची आपल्याकडे पद्धतच आहे. डाळीवर गहू दळला तर पोळी बिघडते, हे सर्वांना ठाऊक असते. कारण आधीच्या दळणाचे पीठ पाळ्यांत आणि कापडी नळीत अडकून राहते आणि पुढच्याच्या डब्यात उतरते. आता गणित करा. गव्हानंतर लगेच ५ किलो बाजरी दळली आणि त्यात १०० ग्रॅम कणीक मिसळली असे समजू. कणकेत ८ टक्के ग्लूटेन धरले तर ते झाले ८ ग्रॅम, म्हणजे ८००० मिलिग्रॅम. ५ किलोंत ८००० म्हणजे किलोमागे सुमारे १६०० मिलिग्रॅम. ग्लूटेनमुक्त म्हणून विकायच्या पदार्थाला आपल्या अन्नसुरक्षा नियमांत मर्यादा आहे किलोमागे २० मिलिग्रॅमची! ८० पट झाले. अशा पिठाच्या एका भाकरीतून सव्वाशे मिलिग्रॅमच्या वर ग्लूटेन पोटात जाते, आणि रोज ५० मिलिग्रॅम जात राहिले तरी काही महिन्यांत आतड्याला इजा होते, असे प्रयोगांत दिसले आहे. घरचे म्हणतात, "वर्ष झाले, गव्हाला शिवला नाही, तरी पोर सुधारत नाही." शिवला नाही कसा? रोज तीन भाकरींतून शिवतो आहे.

उपाय आहेत. घरचे जाते असेल तर ते नीट धुऊन, वाळवून याच कामाला ठेवावे. दोन-चार घरांनी मिळून लहान घरगुती चक्की घेऊन तिच्यात गहू कधीच न घालणे, हे सर्वांत उत्तम. गिरणीतच दळायचे तर सकाळी पाळ्या आणि नळी झाडून झाल्यावर पहिले दळण याचे. त्यातही आधी दोन किलो तांदूळ दळून ते पीठ गुरांना घालावे. तरी हा उपाय दुय्यमच, कारण झाडले तरी सारे निघत नाही आणि गिरणीच्या हवेतही कणीक उडत असते. बाजरी आणल्यावर ती सुपात घेऊन निवडावी. पोत्यात गव्हाचे दाणे सापडतात. बाजरीत सुमारे ५ टक्के स्निग्धांश असल्याने तिचे पीठ लवकर कडू होते, म्हणून थोडे थोडे दळावे. डाळीचे पीठही त्याच चक्कीवर.

गहू नाव बदलूनही येतो. रवा, मैदा, शेवया ही त्याचीच रूपे हे सर्वांना माहीत असते. पण बाजारातल्या बांधणीच्या हिंगात बहुधा मैदा किंवा कणीक असते, हे किती जणांना ठाऊक आहे? रोजच्या फोडणीतला चिमूटभर हिंग! सातूच्या पिठात गहू असतो, आणि मूळचा सातू म्हणजे जव. त्यातही याच जातीचे प्रथिन असते. थालीपिठाच्या भाजणीत पुष्कळ घरी गहू घालतात. हुलग्याच्या शेंगोळ्यांत कणीक मिसळतात. तेथे ज्वारीचे पीठ घ्यावे. आणि देवळातला प्रसादाचा शिरा म्हणजे रवा आणि दूध दोन्ही. येथे मुलाला खरी मदत लागते ती मित्रांची. "एक घास खाल्ल्याने काय होतंय?" असे म्हणणारे दहा भेटतात. एका घासात किती मिलिग्रॅम ग्लूटेन असते, याचे गणित तुम्हाला आता करता येते; ते त्यांना करून दाखवा. उलट उपवासाच्या दिवशी त्याची चैन असते: भगर, राजगिरा, शिंगाडा यांत ग्लूटेन नाही. फक्त साबुदाण्याच्या खिचडीवर भिस्त ठेवू नये. तिच्यातला साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च.

राहता राहिला दंड. नुसते खाल्ल्याने स्नायू वाढत नाही. स्नायूवर नेहमीपेक्षा थोडा जास्त भार पडला की त्याच्या तंतूंत नवी प्रथिने बांधली जातात आणि ते जाड होतात. जोर, बैठका, दोर चढणे यांनी हेच घडते. बांधकामाचा माल दिवसभर थोडा थोडा मिळत राहिला तर काम चांगले होते, म्हणून सारी उसळ रात्रीच खाण्यापेक्षा तिन्ही जेवणांत वाटून घ्यावी, आणि रात्री नीट झोपावे. पण आतडे सुधारण्यापूर्वी आणि रक्त भरून येण्यापूर्वी शंभर-शंभर जोर मारू नयेत. पहिले काही आठवडे चालणे पुरे. मग दहा जोर, वीस बैठका, आणि दर आठवड्याला थोडी वाढ.

प्रगती पाहायला आरशापेक्षा शिंप्याची टेप बरी. महिन्यातून एकदा, सकाळी उठल्यावर, काही खाण्यापूर्वी वजन करावे आणि खांदा व कोपर यांच्या बरोबर मध्यावर दंडाचा घेर मोजून वहीत लिहावा. पहिल्या महिन्यात आकडा फारसा हलत नाही. काही वेळा आधी पोटाची फुगवटी उतरते आणि पँट सैल होते, त्याने घाबरू नये. वजन वाढते आहे पण दंड तेवढाच, तर व्यायाम कमी पडतो आहे. दोन्ही वाढत असतील तर ताट बरोबर आहे. आणि तीन महिने होऊनही दोन्ही जागच्या जागी असतील, तर डॉक्टरांकडे जाताना ती वही बरोबर न्यावी, आणि त्याआधी गिरणीवर एक चक्कर टाकून आपली बाजरी कशावर दळली जाते ते पाहून यावे.